२२ कोंबड्यांचं खुराडं, १८ हजारांचं बजेट: लांज्याच्या कातळावरच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२४: जागेचा हिशेब

पक्षी २२. वीस तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), दोन कोंबडे, जात ग्रामप्रिया. बांधकामाला १८,००० रुपये. पक्षी आणि खाद्य यांचा खर्च वेगळा.

पहिला आराखडा ६ × ५ फुटांचा होता, म्हणजे ३० चौरस फूट. परसातल्या कोंबड्या दिवसभर बाहेर चरतात, आत फक्त झोपायला येतात, त्यामुळे पक्ष्यामागे सव्वा-दीड फूट पुरे असं धरलं होतं. देशावर, कमी पावसाच्या भागात हे चालूनही जातं. इथे कोकणात, लांजा तालुक्यात जुलैमध्ये सलग आठ-आठ दिवस कोंबडी बाहेर पडत नाही. त्या दिवसांत खाणं, पिणं, हगणं, भांडणं सगळं छपराखालीच. म्हणून माप जानेवारीच्या उन्हावर नाही, जुलैच्या पावसावर काढायचं ठरलं.

नवा हिशेब असा. रात्रीच्या बंद खोलीत पक्ष्यामागे २ चौरस फूट, म्हणजे ४४. शिवाय त्याच छपराखाली जाळीची पडवी, पक्ष्यामागे किमान दीड फूट, म्हणजे ३३. एकूण ७७ चौरस फूट कोरडी जमीन. बाहेरची मोकळी जागा यात धरायचीच नाही, ती पावसाळ्यात नसते.

दुसरी कसोटी दांड्यांची. एका कोंबडीला झोपायला दांडीवर ९ इंच लागतात. २२ पक्ष्यांना साडेसोळा फूट. ६ फुटी खोलीत एवढं बसवायला तीन दांड्या लागतात आणि ५ फूट खोलीत तिसऱ्या दांडीनंतर माणसाला वावरायला जागाच राहत नाही. पहिला आराखडा इथेच रद्द झाला.

१५ जानेवारी: माप पत्र्याने आणि जाळीने ठरवलं

कागदावर ८ × ६ काढून दुकानात गेलं की पत्रा कापावा लागतो आणि कापलेल्या तुकड्याचेही पैसे द्यावे लागतात. म्हणून आधी दुकानातली मापं लिहून आणली.

रंगीत पन्हळी पत्रा साडेतीन फूट रुंद, ०.४५ मिमी, ११० रुपये धावता फूट. कोकणातल्या पावसात एका पन्हळीचा ओव्हरलॅप पुरत नाही, दीड पन्हळ धरली. चार पत्र्यांत साडेबारा फूट रुंदी झाकली जाते. दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट वळचण सोडली की बांधकामाची लांबी ९ फूट निघते.

पत्रा १२ फूट लांब घेतला. खोली ५ फूट आणि पडवी ४ फूट, दोन्ही मिळून पुढून मागे ९ फूट. उताराला २ फूट चढ दिला तर तिरकस लांबी सव्वानऊच्या आसपास होते, उरलेल्या पावणेतीन फुटांत मागे पावणेदोन आणि पुढे एक फूट वळचण. पत्र्याला कात्री लावायचीच नाही.

अर्धा इंची वेल्डमेशचा (जोडलेल्या तारांच्या जाळीचा) रोल ४ × ५० फूट. तोडून मिळत नाही, पूर्णच घ्यावा लागतो, ४,४०० रुपये. खोलीचा घेर मधल्या आडभिंतीसकट २८ फूट, पडवीच्या तीन बाजू १७ फूट, म्हणजे ४५. पाच फूट उरतात, ते तिरक्या कोपऱ्यांना.

म्हणजे खोली ९ × ५ = ४५ चौरस फूट, पडवी ९ × ४ = ३६, एकूण ८१. ९ फुटी दोन दांड्या म्हणजे १८ फूट. चारही हिशेब जुळले. एक इंची जाळी १,६०० रुपयांनी स्वस्त पडत होती. तिच्यातून उंदीर आणि सापाचं पिल्लू सहज जातं, म्हणून घेतली नाही. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत, जाळी ही ती जागा नाही.

२१ जानेवारी: दिशा आणि जमीन

झोपायच्या खोलीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मग फक्त आखूड बाजूंवर येतं. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पत्र्याची खालची कड दक्षिणेला, साडेपाच फुटांवर. वरची उत्तरेला, साडेसात फुटांवर. झोपायची खोली दक्षिणेला, पडवी उत्तरेला. माणसाची ये-जा उंच बाजूने.

ठरलं होतं की चारही बाजूंनी एक फूट खोल चर मारून जाळी पुरायची. चार-पाच इंचांवर कातळ लागला. पहार उलटी येते. चर मारण्यात अर्धा दिवस गेला आणि हाती काही लागलं नाही. कातळ उकरून कुठलंही जनावर आत येणार नाही, तेव्हा तिथे जाळी पुरायची गरजच नव्हती. फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात तीन फुटांचा मातीचा खड्डा निघाला, तो चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या ठोकळ्याच्या) तुकड्यांनी आणि सिमेंटने भरून काढला. कातळावर बांधणाऱ्याने आधी दहा ठिकाणी पहार मारून बघावी, मगच मजूर लावावा.

२७–२८ जानेवारी: खांबांच्या बैठका

खांब नऊ, तीन ओळींत तीन-तीन. आकेशियाचे वासे, १२० रुपये नग. लाकूड जमिनीला टेकलं की वाळवी दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांचा साचा करून काँक्रीटच्या बैठका ओतल्या आणि ओल्या काँक्रीटमध्ये यू आकाराची लोखंडी पट्टी रोवली. खांब या पट्टीत बोल्टने बसतो, बुंधा बैठकीच्या एक इंच वर राहतो. पाणी खालून निघून जातं.

चूक: आखणी ९ × ९ ची, पण कर्ण मोजला नाही. ओतून झाल्यावर लक्षात आलं की एक कर्ण १२ फूट ५ इंच आणि दुसरा १३ फूट. चौकोन तिरका झाला होता. दोन्ही कर्ण १२ फूट ९ इंचांच्या जवळ हवेत. चुकलेल्या बैठका फोडून पुन्हा ओतल्या. एक दिवस आणि अर्धी पिशवी सिमेंट वाया. सुतळी लावल्यावर कर्ण मोजायला दोन मिनिटं लागतात.

३–४ फेब्रुवारी: चिरे

पडक्या गोठ्याचे ६० चिरे मिळाले, फक्त टेम्पोचे ६०० रुपये पडले. खोलीला पूर्व आणि दक्षिणेला दोन थर, म्हणजे जमिनीपासून सव्वा फूट. पडवीला एक थर. खोलीची पश्चिमेची भिंत पाच थरांची, कारण वाऱ्याचा मार तिथेच. चिरे ५६ लागले. गवंडी दोन दिवस, हाताखाली गडी दोन दिवस.

खालचा कातळ हीच जमीन धरली. भेगा आणि खळगे पातळ मालाने भरले, वर कोबा केला नाही. पैसे वाचले असं तेव्हा वाटलं. जूनची नोंद वाचावी.

११ फेब्रुवारी: छप्पर

वाशांवर माणग्याच्या (कोकणातल्या बांबूच्या एका जातीच्या) पाच आडव्या काठ्या, साधारण दर सव्वादोन फुटांवर एक. माणगा भरीव असतो, स्क्रू धरतो. पोकळ बांबूत स्क्रू फिरत राहतो.

पत्रे पश्चिमेकडून बसवायला घेतले, ही दुसरी मोठी चूक. वारा पश्चिमेकडून येणार असेल तर पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला बसवून पश्चिमेकडे सरकायचं असतं, म्हणजे सांध्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलटं केलं तर वारा कडेखाली शिरून पाणी आत ढकलतो आणि वादळात पत्रा उचलतो. दोन पत्रे बसवून झाल्यावर हे ध्यानात आलं. काढून पुन्हा लावले, जुनी १४ भोकं डांबरी पट्टीने बुजवली. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावरच मारायचा, खोबणीत मारला की पाणी त्याच भोकातून उतरतं. वॉशर नुसता बसला पाहिजे, चेपून फाटेपर्यंत आवळायचा नाही.

१८ फेब्रुवारी: जाळी

जाळी खांबांच्या आतून लावली तर काम सोपं जातं, म्हणून दक्षिणेची बाजू आतून लावली. मग बाहेरून हाताने जोर लावून पाहिला. यू-खिळे एकेक करून सुटू लागले. बाहेरून लावलेली जाळी धक्का बसला की खांबावर दाबली जाते, आतून लावलेली खांबापासून सुटते. ९ फूट जाळी काढून बाहेरून लावली, वरून पोफळीची रीप ठोकली. रिपेमुळे खिळ्यावरचा ताण संपूर्ण कडेवर वाटला जातो. खिळे दर चार इंचांवर.

जाळीची कड कापली की टोकं सुईसारखी राहतात. ती आत वळवून रिपेखाली दाबली नाहीत तर कोंबडीचा पाय आणि माणसाचा हात दोन्ही फाटतात.

पडवीत चार फूट जाळीच्या वर उत्तरेला जवळपास तीन फूट उघडी राहिली. तिथे मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं ताणलं. घारीला आणि कावळ्याला ते पुरतं. रात्री पक्षी खोलीत बंद असतात, म्हणून चालेल असं मानलं.

२५ फेब्रुवारी: दांड्या, पेट्या, दारं

दांड्या माणग्याच्या, दोन इंच जाडीच्या. जमिनीपासून अडीच फूट. मागच्या भिंतीपासून सव्वा फुटावर पहिली, तिच्यापासून सव्वा फुटावर दुसरी. आधी जिन्यासारख्या एक खाली एक वर बांधल्या होत्या. त्यात सगळ्यांना वरचीच दांडी हवी असते आणि संध्याकाळी धक्काबुक्की होते, म्हणून दोन्ही एका उंचीवर आणल्या. माणग्याची पाठ गुळगुळीत असते, कोयत्याने हलकी खरवडून घेतली.

अंड्यांसाठी चार पेट्या, पाच कोंबड्यांना एक. हापूसच्या जुन्या लाकडी पेट्या, पुढे चार इंचांचा उंबरा. जमीन मोकळी राहावी म्हणून आडभिंतीला तीन फुटांवर टांगल्या. हेही पुढे बदलावं लागलं.

खोलीतून पडवीत जायला एक भोक, १२ × १४ इंच. माणसाचं दार अडीच फूट रुंद, बाहेर उघडणारं. खाली सहा इंची उंबरा आधी नव्हता. तूस टाकून पाहिल्यावर ते दाराखालून बाहेर येऊ लागलं, मग लावला.

४ मार्च: पक्षी आले

आठ आठवड्यांच्या २२ तलंगा-कोंबडे. लासोटा (मानमोडीची सुरुवातीची लस), गंबोरो (पिल्लांचा एक विषाणूजन्य आजार) आणि देवीची लस झालेली. पिल्लं घेण्यापेक्षा महाग पडतात, पण ब्रूडर (पिल्लांना ऊब देण्याची जागा), दिवा आणि पहिल्या महिन्यातली मर टळते. मानमोडीची पुढची लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून १० तारखेला दिली.

खोलीत तीन इंच तूस, तीन पोती. यातही एक अडचण आली. पहिली दोन पोती जवळच्या जुन्या हलर गिरणीतून आणली. त्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच पडतो. कोंड्यात तेल असतं, तो ओल धरतो, त्याचे गोळे होतात, आणि उंदीर लागतो तो वेगळाच. चार दिवसांत दोन्ही पोती शेणखड्ड्यात गेली. रबर रोलरच्या गिरणीवर तूस वेगळं मिळतं, तेच घ्यावं. ओळखायला मूठभर घट्ट दाबावं. उघडल्यावर मोकळं सुटलं तर तूस, गोळा राहिला तर कोंडा मिसळलाय.

पहिले सहा दिवस पक्षी कोपऱ्यात जमिनीवर ढीग करून बसत. अंधार पडल्यावर एकेकाला उचलून दांडीवर ठेवलं. सातव्या दिवसापासून स्वतः चढू लागले.

दोन नरांपैकी थोरला भोकात उभा राहून तलंगांना अडवतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तेवढंच दुसरं भोक पाडलं. वीस मिनिटांचं काम, आणि त्याच दिवशी सगळे पक्षी पडवीत.

६ एप्रिल: पत्र्याची धग

दुपारी एकला खोलीत पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकत होते, पंख अंगापासून दूर धरलेले. मागची दांडी आणि पत्रा यांत सव्वातीन फूट अंतर आहे, तरीही पत्रा वरून भट्टीसारखा तापतो.

केलं ते असं: पत्र्यावर चुन्याचा दाट हात, त्यावर नारळाची विणलेली झापं, सुंभाने बांधून. झापाचं वजन कमी, हवा खेळते. बारा झापांचे ४८० रुपये. हाताने पत्र्याची खालची बाजू शिवून पाहिली. आधी बोट ठेववत नव्हतं, झापांनंतर ठेवता आलं. पाणी पडवीत सावलीत, दोन भांडी. एरवी २२ पक्ष्यांना पाच लिटर पुरतं, एप्रिलमध्ये दहा लिटर संपत होतं. एकच भांडं असेल तर दुबळी कोंबडी दुपारभर तहानलेली राहते.

२९ एप्रिल: दोन तलंगा गेल्या

सकाळी खोलीत दोन तलंगा मेलेल्या, मानेला चावे. नायलॉनचं जाळं वरून फाटलेलं. रानमांजर पडवीत उतरलं हे ठशांवरून कळलं. पण पडवीतून खोलीत ते शिरलं कुठून, हे शोधायला तासभर लागला.

आडभिंतीत चार फूट जाळीच्या वर माणग्याच्या उभ्या पट्ट्या होत्या. पश्चिमेच्या टोकाला चिऱ्याची भिंत, उतरता वासा आणि शेवटची पट्टी यांच्यामध्ये तिकोनी फट राहिली होती. रुंद टोकाला साडेतीन इंच. खालून बघताना ती दिसतच नव्हती, शिडी लावल्यावर दिसली. दिवसा बाहेर उजेड असताना माणसाने आत उभं राहून दार लावावं आणि जिथून उजेड येतो ती प्रत्येक जागा खडूने खुणवावी. असं आधी केलं असतं तर त्या दोघी वाचल्या असत्या. त्या दिवशी केलं तेव्हा ११ फटी सापडल्या. त्यातल्या सात पत्र्याच्या पन्हळींखालच्या होत्या. उंदीर आणि साप तिथूनच येतात.

उरलेल्या जाळीच्या सहा इंची पट्ट्या कापून पन्हळीत दुमडून बसवल्या, तिकोनी फट चिऱ्याच्या तुकड्याने आणि सिमेंटने बंद. नायलॉन काढून तिथे माणग्याच्या पट्ट्या, एक इंचाच्या फटीने. त्याला वेगळा खर्च आला नाही. दाराला एकच कडी होती, खाली दुसरी लावली. वरच्या एका कडीवर खालचा कोपरा दोन इंच वाकतो.

१६ मे: पावसाआधीची साठवण

कोरडं तूस दहा पोती आणून माळ्यावर टाकलं. जूननंतर गिरणीवरचं तूस दमट असतं आणि दमट तूस टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.

१३ जून: खालून पाणी

पहिल्या मोठ्या पावसात वरून एक थेंब आला नाही. खालून आला. कातळावरून पाणी चादरीसारखं वाहत येतं. आतली जमीन आणि बाहेरची जमीन एका पातळीवर, त्यामुळे चिऱ्यांच्या खालच्या सांध्यातून पाणी झिरपून दक्षिणेच्या कडेला दीड फूट रुंदीचं तूस भिजलं. फेब्रुवारीत वाचवलेले पैसे इथे दामदुपटीने गेले.

पावसाच्या उघडिपीत दोन दिवस काम. चढाच्या बाजूला, भिंतीपासून दोन फुटांवर चिऱ्याच्या तुकड्यांचा एक थर सिमेंटमध्ये बसवून बांध घातला, पाणी पूर्वेकडे वळवलं. कातळात गटार खोदता येत नाही, म्हणून वर बांध. खोलीत चार इंच जांभ्याचा मुरूम ठोकून भरला, १५ घनफूट. वर पातळ सिमेंटचा हात. मुरूम आणि सिमेंट मिळून ८७० रुपये. पक्षी दोन रात्री पडवीत ठेवले, वर ताडपत्री.

हेच फेब्रुवारीत केलं असतं तर गवंडी आलेलाच होता. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किमान सहा इंच वर हवी, आपली चारच इंच झाली, कारण उंबरा आणि भोकं आधीच ठरून गेली होती.

पत्र्याचं पाणी दक्षिणेच्या भिंतीच्या मुळाशी पडून उसळत होतं. उभा कापलेला पीव्हीसी पाइप पन्हाळीसारखा लावला, ६५० रुपये.

७ जुलै: मापाची खरी परीक्षा

१ जुलैपासून सलग पाऊस, पक्षी सहा दिवस छपराखाली. वीस पक्षी, ८१ चौरस फूट, पक्ष्यामागे चार फुटांच्या आसपास. पंख उपटणं नाही, टोचाटोची नाही, दुबळ्या तलंगांना बाजूला सरकायला जागा आहे. दिवसा बारा-चौदा पक्षी पडवीत, बाकीचे आत. ३० चौरस फुटांच्या पहिल्या आराखड्यात हेच वीस पक्षी एकमेकांच्या अंगावर उभे राहिले असते. या एका आठवड्यासाठीच पडवीचा खर्च केला आणि तो योग्य होता.

अडचण आली ती तुसाची. दांड्यांखाली अडीच फूट पट्ट्यात रात्रभराची विष्ठा साचते, तिथे तिसऱ्या दिवशी पापडी धरली. सकाळी दार उघडून गुडघ्यावर बसलं की डोळे चुरचुरतात. माणसाला उभ्याने वास येत नाही, कोंबडीचं डोकं मात्र फूटभर उंचीवरच असतं, म्हणून वास तिच्या उंचीवर जाऊन घ्यायचा.

उपाय म्हणून दांड्यांखाली जुन्या पत्र्याचे दोन तुकडे, विटांवर टेकवून. दर दोन दिवसांनी विष्ठा खरवडून खड्ड्यात. बाकीचं तूस रोज दाताळ्याने उलटं करायचं आणि आठवड्याला एक पोतं नवं. विझवलेला कोरडा चुना दोन किलो, पण पक्षी पडवीत काढून. चुना टाकल्यावर सुरुवातीला वास उलट वाढतो, तेव्हा त्यांना आत ठेवायचं नाही.

दक्षिणेच्या जाळीतून पाऊस आत मारत होता, पावणेदोन फूट वळचण कमी पडली. झापं उभी टांगली, खालच्या कडेला काठी बांधून. उघडीप झाली की गुंडाळून वर. ताडपत्री लावून पाहिली होती, पाणी थांबलं पण हवाही थांबली आणि दोन दिवसांत आत दमटपणा इतका की जाळीवर थेंब धरले. झापातून वारा येतो, पाणी येत नाही.

एका तलंगेच्या विष्ठेत रक्त दिसलं. वेगळी काढली, डॉक्टरांना दाखवलं, पाण्यातून अँप्रोलियम (रक्ती हगवणीवरचं औषध) सगळ्यांना दिलं. ओल्या तुसात हा आजार पसरतो. जूनमध्ये भिजलेल्या कडेचं तूस पूर्ण काढलं नव्हतं, वरून कोरडं टाकलं होतं. ते काढायलाच हवं होतं.

२१ जुलै: अंडी आणि पेट्या

पहिलं अंडं १ जुलैला. तीन आठवड्यांत रोज आठ-नऊ, त्यातली निम्मी घाण लागलेली. कारण उघड होतं. पेट्या तीन फुटांवर आणि दांड्या अडीच फुटांवर. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. पाच-सहा जणी पेट्यांवर आणि पेट्यांत झोपत, तिथेच हगत.

पेट्या सव्वा फुटावर उतरवल्या, वर तिरकी फळी ठोकली म्हणजे माथ्यावर बसता येत नाही. समोर गोणपाटाचा अर्धा पडदा, कारण दाराजवळचा उजेड थेट पेटीत पडत होता. संध्याकाळी पाचनंतर पेट्या आठवडाभर बंद ठेवल्या. २९ तारखेला नऊपैकी आठ अंडी स्वच्छ.

पेट्यांच्या फळ्यांच्या फटीत लाल गोचडीसारखे किडे दिसले, रात्री बॅटरी लावल्यावर. पेट्या बाहेर काढून उकळतं पाणी, मग चुना. दांड्यांची टोकं आणि गाठीही तशाच. महिन्यातून एकदा रात्री बॅटरी लावून बघायचं.

१८ ऑगस्ट: हिशेब आणि इतर मापं

पत्रे ५,२८०, स्क्रू ३५०. जाळी ४,४००. खांबांचे वासे १,०८०, वरचे तीन वासे ६६०, माणगा ९८०. सिमेंट तीन पिशव्या १,११०, रेती ७००, खडी ३००. चिऱ्यांचा टेम्पो ६००. पट्ट्या-बोल्ट ५४०, खिळे-तार-बिजागऱ्या-कड्या ७२०. गवंडी २,०००, गडी १,२००. बेरीज १९,९२०. ठरवल्यापेक्षा १,९२० जास्त. नंतरची दुरुस्ती: झापं ४८०, मुरूम-सिमेंट ८७०, पाइप ६५०, म्हणजे २,०००. एकूण २१,९२०. स्वतःची मेहनत धरलेली नाही, ती सुट्टीचे सोळा दिवस.

पुन्हा बांधायचं तर पत्रा १३ फुटी घेऊन दक्षिणेची वळचण पावणेतीन फूट करावी. चार पत्र्यांना ४४० रुपये वाढतात, टांगलेली झापं निम्मी लागतात. जमीन पहिल्याच दिवशी सहा इंच उचलावी.

हाच साचा कमी पक्ष्यांना: दोन पत्रे घेतले तर साडेसहा फूट झाकतात, बाजूंची वळचण सव्वा फूट ठेवून बांधकाम ४ फूट लांब. खोली ४ × ५, पडवी ४ × ४, दांड्या ८ फूट, जाळी ३० फूट, पक्षी १०. तीन पत्रे घेतले तर साडेनऊ फूट, बाजूंची वळचण दीड फूट ठेवून बांधकाम साडेसहा फूट, खोली साडेबत्तीस चौरस फूट, दांड्या १३ फूट, जाळी साडेसदतीस फूट, पक्षी १६. जाळीचा रोल तिन्ही मापांना एकच घ्यावा लागतो, त्यामुळे दहा पक्ष्यांचं खुराडं पक्ष्यामागे महाग पडतं. शेजारी मिळून एक रोल वाटून घेता आला तर १० पक्ष्यांच्या खुराड्यात साधारण १,७६० रुपये वाचतात.

गणपतीनंतर छपरावरची झापं उतरवून पत्र्याचे स्क्रू एकेक तपासायचे आहेत. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातला एक वॉशर आत्ताच तडकलेला दिसतो.